एकाच झाडाची जात

कात्र बोर्न, मॉरिशस
21 ऑगस्ट 2022

तीर्थस्वरूप दादास,


परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे माड आहेत का गं?" मी "हो, पुष्कळ" म्हणाले, तेवढ्यात मुलांनी फोन ओढला आणि विषय तिथेच राहिला. खरं तर मला तुला एका झाडाबद्दल सांगायचं होतं, पण ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. त्याच फोनवर तू विहिरीकडच्या माडाचंही बोललास. म्हातारा झालाय, नारळ वीसपंचवीसच्या वर धरत नाही, दिवाळीनंतर पाडून टाकतो, म्हणालास. त्यावर मी गप्प राहिले ते तुला कळलं असेलच. म्हणून हे पत्र. आधी इथल्या झाडाचं लिहिते.

गेल्या मंगळवारी क्युरपीपला गेले होते. हे गाव बेटाच्या मधल्या पठारावर, समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे आता थंडीचे दिवस आहेत. खाली किनाऱ्यावर ऊन असतं आणि बस वर चढत गेली की धुकं आणि बारीक पाऊस सुरू. मी शाल घेऊन गेले होते, तरी कुडकुडले. सोबत शेजारच्या मावशी होत्या. त्यांचे खापरपणजोबा रत्नागिरीकडून आले. गाव कुठलं ते आता घरात कुणाला सांगता येत नाही. 1834 पासून इथे उसाच्या मळ्यांवर कराराने माणसं आणायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काळात चार लाखांहून जास्त माणसं हिंदुस्थानातून या बेटाच्या धक्क्यावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली आपल्याकडची माणसंही होती. मावशींचं मराठी शाळेत शिकलेलं, जपून बोललेलं. घरात सगळे क्रिओल बोलतात. पण सध्या त्यांच्या अंगणात रोज संध्याकाळी झाकरी नाचाचा सराव चालतो, गणपती दहा दिवसांवर आलेत ना. आपल्या जाखडीचीच ती झाकरी झाली आहे. पहिल्या दिवशी खिडकीतून तो ठेका ऐकला आणि मला आपल्या खळ्यात नाचणारे बाले डोळ्यांसमोर आले. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

क्युरपीपची बाग 1870 सालची. 1866 ते 68 या वर्षांत मलेरियाच्या साथीने पोर्ट लुईमध्ये माणसं मरायला लागली, तेव्हा ज्यांना जमलं ते शहर सोडून या थंड पठारावर आले आणि गाव वाढलं. खाली पॅम्प्लेमूसला जुनी, नावाजलेली बाग आहेच. तिथे परातीएवढ्या पानांची कमळं आहेत, आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारे तालिपॉट ताडही आहेत. तिथल्या उष्ण हवेत जी झाडं जगत नव्हती त्यांच्यासाठी वर ही दुसरी बाग केली. पर्यटक फारसे येत नाहीत. गावातली माणसं सकाळी फिरायला येतात, शाळेची पोरं हिरवळीवर डबा खातात. मावशी म्हणाल्या, "मी लहानपणापासून इथून जाते, मला वाटायचं हे काहीतरी सरकारी झाड आहे, म्हणून कुंपण घातलंय."

लांबून मला ती पोफळच वाटली. तू असतास तर तूही तसंच म्हणाला असतास. राखाडी, सडपातळ, वर्तुळांच्या खुणा असलेलं सरळ खोड, त्यावर हिरवी गुळगुळीत नळी, आपण जिला विरी म्हणतो तशीच पानांच्या देठांची गुंडाळी, आणि वर मोजकीच पानं. उंची दहाबारा मीटर असेल. वाडीत उभी असती तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. जवळ गेल्यावर फरक जाणवायला लागतात. पानं पोफळीपेक्षा जाड आणि ताठ आहेत आणि शेंडा आपल्यासारखा भरगच्च नाही. बुंध्याशी कुंपण. त्या कुंपणाबाहेर मी उभी राहिले आणि मावशींनी बागेतल्या माळ्याला हाक मारून विचारलं. तो क्रिओलमध्ये जे बोलला ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं, "एवढंच आहे, दुसरं नाही."

दादा, दुसरं नाही म्हणजे या बागेत नाही, असं मला आधी वाटलं. मग कळलं, दुसरं कुठेच नाही. या बेटावर नाही, शेजारच्या बेटांवर नाही, जगातल्या कुठल्याही बागेत नाही. ही माडपोफळीच्या कुळातली एक अख्खी जात आहे आणि तिचं माणसांना ठाऊक असलेलं हे एकच झाड उरलंय. 1950 च्या दशकापासून हेच एक.

शास्त्रीय नाव हायोफोर्ब अमारिकॉलिस. मी मुलीकडून त्याचा अर्थ काढून घेतला. पहिला शब्द ग्रीक, अर्थ डुकरांचं खाणं. दुसरा लॅटिन, अर्थ कडू खोड. इतक्या दुर्मिळ झाडाचं नाव असं असावं याचं मला फार वाईट वाटलं, पण नावात हकिगतही आहे. या कुळातल्या झाडांची फळं डुकरं खात. आणि कडू म्हणजे शेंड्यातला गाभा कडू. इथे माडाच्या जातीच्या झाडांचा गाभा कोशिंबिरीत घालून खातात. तिला लखपतींची कोशिंबीर म्हणतात, कारण एका ताटासाठी सात वर्षांचं झाड तोडावं लागतं. गाभा काढला की झाड मेलं, हे तुला मी सांगायला नको.

ते ऐकताना मला 2020 चा जून आठवला. 3 तारखेला दुपारी निसर्ग वादळ आलं आणि संध्याकाळी तू फोनवर फक्त "वाडी झोपली" एवढंच म्हणालास. मग रेंज गेली ती आठवडाभर. पुढे वहिनीने सांगितलं, की आडव्या पडलेल्या माडांचे शेंडे फोडून तुम्ही गाभे काढलेत आणि आळीतल्या सगळ्या मुलांना वाटलेत. मुलं हरखली, त्यांनी एवढा गोड गाभा पोटभर कधी खाल्लाच नव्हता, आणि वहिनी मागच्या पडवीत जाऊन रडली. त्या गोडीची आठवण घेऊन मी कडू गाभ्याच्या झाडाखाली उभी होते.

हे एकटं कसं पडलं, याची गोष्ट एका माणसाच्या दुष्टपणाची नाही. 1598 मध्ये डच इथे उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता. बाहेरून आलेल्या गलबतांतून उंदीर उतरले. डुकरं, शेळ्या, माकडं आणली गेली, 1639 मध्ये जावाहून हरणं आणली. डोडो शंभर वर्षंसुद्धा टिकला नाही. पक्ष्याचं सगळ्यांना ठाऊक असतं, झाडाचं नसतं, कारण झाड मरताना दिसत नाही. जुनी झाडं उभी असतात, फुलतात, फळतात. फक्त खाली पडलेलं फळ उंदीर नाहीतर माकड खातं, उगवलेलं रोप हरीण खातं, आणि असं शंभर वर्षं चाललं की एक दिवस फक्त म्हातारी झाडं उरलेली असतात. त्यातच आबनूस तोडला, मग ऊस आला. उसासाठी बेट अक्षरशः सोलून काढलं. आज मूळचं चांगलं जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. क्युरपीपला जाताना बसच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो, आणि त्यात काळ्या दगडांचे ढीग. मावशी ते ढीग दाखवून म्हणाल्या, "हे आमच्या लोकांनी वेचले." त्यांच्या आवाजात अभिमानही होता आणि दुसरंही काही होतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्याइतकी ती कुणाला कळणार नाही, म्हणून तुलाच लिहिते.

झाड निरोगी आहे. फुलतं. एकाच फुलोऱ्यात नरफुलं आणि मादीफुलं दोन्ही येतात. पण नरफुलं आधी उमलतात, गळून जातात, आणि मग मादीफुलं उमलतात. म्हणजे परागाची गरज लागते तेव्हा घरात पराग नसतो. दुसरं झाड असतं तर त्याचा पराग वाऱ्याने, नाहीतर किड्यामुंग्यांनी पोचवला असता. दुसरं झाड नाही.

हे वाचून मी चकित झाले, कारण हे तर आपल्या वाडीतलंच आहे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून शिकून आलास तेव्हा तू मला माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उघडून दाखवली होतीस. वरची बारीक नरफुलं आधी, वीस दिवस ती झडत राहणार, आणि बोंडाएवढी मादीफुलं त्यांच्यामागून पिकणार. पोफळीचंही तेच. तू म्हणाला होतास, आपल्या बाणवली माडाची आई ओळखता येते, बाप ओळखता येत नाही, तो गडग्यापलीकडचा असतो. मी तेव्हा हसले होते. ठेंगू जातीचा माड स्वतःशीच फळतो, उंच जातीला शेजार लागतो, असंही तू सांगितलं होतंस. म्हणूनच उंच-ठेंगू संकराची टीडी रोपं करताना नरफुलं चिमटून टाकावी लागतात आणि पोईला पिशवी बांधावी लागते, नाहीतर पलीकडचा पराग येणारच. आपल्याकडे शेजार थांबवायला पिशवी बांधतात, आणि इथे सगळ्या जगात शेजार शोधून सापडत नाही.

तरी कधीमधी फळं धरतात. बियाही मिळाल्या आहेत. पण त्या मातीत घालून उगवत नाहीत. लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या लोकांनी बीमधला इवलासा अंकुर काढून काचेच्या बरणीत, पोषक द्रावणावर वाढवला. कोंब आला, मूळ आलं. मग मातीत लावल्यावर रोपं मेली. एवढंच लिहिलेलं सापडतं, पण त्या माणसांनी बरणीसमोर काढलेले दिवस मला दिसतात. तू वादळानंतर आणलेल्या रोपांपैकी जी पहिल्या उन्हाळ्यात जळली, त्यांच्याजवळ तू उकिडवा बसून राहायचास, तसेच तेही बसले असतील.

फांदी लावून का नाही वाढवत, असं मुलीने विचारलं. तिचं शिक्षण शहरात झालं, तिला माहीत नाही. मी तिला सांगितलं, या कुळातल्या बहुतेक झाडांना फांदी नसते. एकच शेंडा, एकच कोंब. गेंड्या भुंगा त्या कोंबात शिरला की तू हातची कामं टाकून धावतोस ते उगाच नाही. गुलाबाची काडी लावतात तशी इथे लावता येत नाही, आणि शेंडा काढून प्रयोग करायचा तर जगातलं एकमेव झाड मारावं लागेल.

याच मुलखातल्या दुसऱ्या एका झुडपाची गोष्ट याच्या उलट आहे. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर पांढऱ्या फुलांचं, कॉफीच्या नात्यातलं एक झुडूप होतं. ते संपलं असंच सगळे धरून चालले होते. 1980 मध्ये शाळेतल्या एका मुलाने गुरुजींना दाखवायला त्याची फांदी आणली, आणि तेही शेवटचं एकच निघालं. 1986 मध्ये त्याच्या काड्या विमानाने क्यूला नेल्या, त्यातली एक जगली. फुलायचं, पण बी धरायचं नाही. वर्षानुवर्षं लोक त्याच्या मागे लागले आणि शेवटी 2003 मध्ये त्याला बी धरलं. त्या बियांची रोपं परत रॉड्रिग्जला गेली. मी ही गोष्ट वाचत रात्री एकपर्यंत जागी होते. काडी लावता आली, म्हणून कामाला सतरा वर्षं मिळाली. क्युरपीपच्या झाडाला ते झाड जगेल तेवढीच मुदत आहे.

याचे चुलतभाऊ तू पाहिले आहेस. पुण्यात आमच्या इमारतीच्या फाटकाशी बाटलीसारख्या फुगीर बुडाची दोन झाडं आहेत, बॉटल पाम. तू एकदा त्यांच्या खोडावर थाप मारून म्हणाला होतास, "याला नारळ लागत नाहीत तर कशाला पोसता?" तो बॉटल पाम मूळचा इथल्या राउंड आयलंडचा. त्या एवढ्याशा बेटावर शेळ्या आणि ससे सोडले होते, त्यांनी एकही रोप वर येऊ दिलं नाही. 1979 मध्ये शेवटच्या शेळ्या संपवल्या, 1986 मध्ये ससे, आणि मग आपसूक उगवलेली रोपं उभी राहिली. मधल्या काळात जगभरच्या रोपवाटिकांनी बॉटल पाम दारोदार पोचवला होता. ज्याला गोंडस बूड होतं त्याला फाटकं मिळाली. साध्या दिसणाऱ्या भावाला कुणी मागितलं नाही. मला या गोष्टीचा खरोखर राग येतो. आपण झाड दिसण्यावर निवडतो आणि साधं दिसणारं आपोआप टिकेल असं धरून चालतो.

मी तिथे दोन तास होते. पाऊस थांबून पुन्हा आला. मावशी छत्री धरून बाकावर बसल्या आणि मोबाईलवर झाकरीचं गाणं लावून त्यातला एक शब्द मला विचारत राहिल्या. शब्द जुना होता, आपली आजी वापरायची तसला. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो पाकिटाच्या मागे लिहून घेतला. वारा सुटला तसं माझं लक्ष झाडाच्या शेंड्याकडे गेलं आणि तिथून हलेना. या बेटावर चक्रीवादळं होतात. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल आलं, ते इथले म्हातारे अजून सांगतात, जसं पुढे आपल्याकडे निसर्ग सांगतील. 1975 मध्ये जर्वेझ आलं. ही दोन्ही या झाडाने काढली. आपली वाडी झोपली तेव्हा तुझं सगळं गेलं, पण पोफळीची जात गेली नाही. ज्या वाड्यांना वादळाने कमी धरलं तिथून तू रोठ्याचं बी आणलंस, रोपं केलीस, अजून पाच वर्षांनी ती धरतील. इथे तसं कुणाकडेच जाता येत नाही. कसा हो असेल इथला माळी, वादळाचा इशारा आल्यावर रात्री झोपत असेल का, असं मी मावशींना विचारलं. त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, सकाळी सगळ्यात आधी इथेच येतो.

निघताना मी कुंपणातून हात घालून त्याच्या बुंध्याला हात लावायला गेले आणि मागे घेतला. परवानगी असेल-नसेल, पण तसा हक्क आपला नाही असं वाटलं.

आता विहिरीकडच्या माडाचं. बाबांच्या मुंजीच्या वर्षी आजोबांनी तो लावला, म्हणून पाडू नको, असं मी म्हणणार नाही. वाडी तुझी आहे, घाम तुझा आहे, आणि विहिरीच्या कठड्यावर तो कलला आहे हेही मी मे महिन्यात पाहिलंय. पण बाणवलीची ती जुनी, मोठ्या गराची चण आता आळीत त्याच्याशिवाय कुणाकडे आहे, सांग. वादळाआधी सात-आठ माड होते त्यासारखे, आणि त्यातले तीन गडग्यापलीकडे. आपला माड आजवर फळला तो त्यांच्या परागावर. पलीकडच्यांनी मुंबईहून येऊन लाकडं विकली, पुन्हा काही लावलं नाही, त्यावरून तू त्यांच्याशी बोलत नाहीस तेही मला ठाऊक आहे.

तर माझी विनंती एवढीच. दिवाळीनंतर लगेच पाडू नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या दोन पेंडी पिकतील त्या बियाण्याला ठेव. पाडेल्याला सांग, पेंड दोरीने उतरवायची, वरून टाकायची नाही. चांगले बघून रुजत घाल. मी पाडव्याला येते, वाफा मी करीन, पाणी शिंपायला महिनाभर राहीन. पाच महिन्यांत जे रुजतील तेवढेच ठेवू. त्यातली आपली आपल्याला, आणि चार तरी रोपं गडग्यापलीकडे लावायची. पलीकडच्यांना फोन मी करते, तू करू नकोस. खड्डे मात्र तुलाच सांगून घ्यावे लागतील, विहिरीपासून पंचवीस हातांवर, वाऱ्याच्या बाजूला.

वहिनीला नमस्कार. मुलांसाठी इथून व्हॅनिलाच्या शेंगा घेतल्या आहेत. मावशींनी विचारलंय, आपल्याकडे जाखडीत 'गण' आधी की 'गवळण' आधी म्हणतात. तू आळीतल्या कुणाला तरी विचारून कळव.

तुझी धाकटी बहीण